बोलणं पूर्ण होईपर्यंत

लिफ्टमध्ये तो एकटाच होता, आणि लिफ्ट त्याच्याच आवाजात त्याला म्हणाली, "दार बंद होत आहे." तो एवढा दचकला की हातातली पाण्याची बाटली खाली पडली. बायकोला या हॉस्पिटलात आणल्यापासून तो जिन्यानंच वर जात होता. आज गुडघा अगदीच अडून बसला म्हणून बटण दाबलं, तर आत हा बसलेला. हा म्हणजे तोच, पण केस काळे असतानाचा. कुठल्याशा लिफ्टच्या कंपनीसाठी त्यानं कधीकाळी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळे मजले एका बैठकीत म्हणून टाकले होते आणि घरी जाऊन विसरूनही गेला होता. आवाज ताजातवाना होता. त्यात हसू होतं. माइकसमोर ओठ ताणून बोललं की ऐकणाऱ्याला हसू ऐकू येतं, ही धंद्यातली जुनी युक्ती. बंद पेटीत माणसाचा जीव घाबरू नये म्हणून त्यानं सगळे मजले हसत हसत म्हटले होते. "तिसरा मजला," लिफ्ट हसत म्हणाली. बायको बरोबर असती तर तिनं उत्तर दिलं असतं. ती नेहमी द्यायची. बँकेला फोन लावला आणि तो पलीकडून म्हणाला की कृपया प्रतीक्षा करा, की ही इकडून म्हणायची, "आयुष्यभर तेच केलं, आता आणखी किती?" दुकानातल्या टीव्हीवर तो गादीची मऊशार तारीफ करायला लागला की ही चारचौघांत म्हणायची, "घरी तर पाठ दुखते म्हणून बोंब असते यांची." पण बोलायची ती त्याचं संपल्यावर. मधे कधी तोडलं नाही. रस्त्यात कुठेही त्याचा आवाज लागला की ती आहे तिथे थांबायची, मान किंचित वर, हातात पिशवी, आणि शेवटचा शब्द होईपर्यंत हलायची नाही. "नवरा बोलत असताना उठून कशी जाऊ," म्हणायची, आणि स्वतःच खुदकन हसायची. लिफ्टचं दार उघडलं. तो बाटली उचलायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला, कारण उठून बाहेर पडलं की पुढे ती होती.

"काका, आज तरी तोंड उघडणार का?" सिस्टर म्हणाल्या. रात्रपाळी संपून दिवसपाळी लागली तरी याच बाई दिसत, त्यांना घर होतं की नाही कोण जाणे. पहिल्याच दिवशी त्यानं "पेशंट कुठे आहे" एवढंच विचारलं आणि त्यांनी त्याला पकडलं होतं: "अगंबाई, लिफ्टमधले तुम्हीच ना!" मग दोन वॉर्डबॉय येऊन बघून गेले. त्यानंतर तो घसा बसल्याची खूण करत होता. गळ्याला मफलर, बोलणं मानेनं. बायको उशीवर डोळे मिटून पडली होती, नाकात नळी, हाताला नळी, पोटावर पट्ट्यांचा थर. आणि शेजारी यंत्रावर हिरवी रेघ उड्या मारत होती, तिच्या बाजूला ठोक्यांचा आकडा. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. गुंगीचं औषध कमी केलंय. आता त्यांनी स्वतःहून शुद्धीवर यायला हवं. जखमेपेक्षा हृदयाची काळजी आहे, रक्त फार गेलंय, असं फार दिवस ओढता येणार नाही. तेव्हा बोलत राहा. लेक कालपासून बोलत होती, शाळेतलं, शेजारचं, लहानपणीचं, बोलून बोलून तिला उचकी लागली. रेघ जशीच्या तशी. "ओळखीचा आवाज सगळ्यात आधी पोचतो," सिस्टर म्हणाल्या. "मी बघितलंय ना. नवऱ्याचा आवाज ऐकून शिव्या द्यायला उठलेल्या बायका बघितल्यात मी. बोला की हो, दोन शब्द." त्यानं गळ्याकडे बोट केलं. "कुजबुजा मग. कुजबुज चालते." तो स्टुलावर बसला. तिचा हात हातात घेतला. हात कोमट होता, नखांत अजून काहीतरी काळपट होतं, ते रक्त होतं की बसस्थानकाची माती ते त्याला कळेना आणि विचारायचं धाडस होईना. बोलायला काय जातं? जन्मभर त्यानं बोलण्याशिवाय काही केलं नव्हतं. त्याला कुलूप लावायला जमत नसे, खिळा ठोकायला जमत नसे, बोलायला जमायचं. आणि आता त्याची जीभ टाळूला चिकटली होती, कारण तिनं कान देऊन शेवटचं जे ऐकलं होतं ते हेच होतं, हाच घसा, हीच जीभ.

नवा कायदा आला तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं होतं, त्यालाही. शहरात चाकू दाखवून लुटण्याचे प्रकार वाढले होते. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या मनगटावर वार झाला होता, घड्याळासाठी. म्हणून ठरलं की नुसतं शस्त्र दाखवून लुटलं तरी खुनाइतकीच शिक्षा, मरेपर्यंत कैद, आणि हे लोकांच्या कानीकपाळी ओरडायला बसस्थानकांवर भोंगे लावले. त्याला बोलावणं आलं. स्टुडिओत काचेपलीकडे त्याचा नेहमीचा रेकॉर्डिस्ट, सदा कानांवर हेडफोन अडकवलेले, म्हणून सगळे त्याला कानफाट्या म्हणत. "हसू नका आज," कानफाट्या म्हणाला. "आज घाबरवायचंय." त्यानं सफरचंदाची फोड खाल्ली, तोंडातला चिकटा जावा म्हणून, कोमट पाणी प्यायला, आणि माइकच्या इतक्या जवळ गेला की ओठ जाळीला लागले. आवाज मोठा करून माणूस घाबरत नाही; खाली आणून, अगदी कानात सांगितल्यासारखं बोललं की घाबरतो. "शस्त्राचा धाक दाखवून लुटणाऱ्याला आता एकच शिक्षा." इथे त्यानं श्वास घेतला नाही, नुसतं थांबला. "मरेपर्यंत कैद. सोडणार नाही. विसरणार नाही. सुटका नाही." काचेपलीकडे कानफाट्यानं अंगावर आलेला काटा दाखवला, बाही वर करून. घरी येऊन त्यानं बायकोला ऐकवलं, ती भाजी निवडत होती. "ई," ती म्हणाली, "तुम्ही एवढे दुष्ट कधीपासून झालात?" आणि मग, जरा वेळानं, "पण छान आहे हं. मला रात्री यायला भीती नाही वाटायची आता. तुम्ही तिथे आहातच." तिचा शिवणवर्ग सुटायला उशीर व्हायचा. बसस्थानकावर ती रोज उतरायची, आणि भोंगा लागला की थांबायची.

तिकीट खिडकीतल्या बाईंकडे तो स्वतःहून गेला होता, पोलीस येऊन गेल्यावर, कारण पोलिसांनी जे सांगितलं त्यात काहीतरी बसत नव्हतं. पिशवी मिळाली होती ना त्या लुटणाऱ्याला? मग चाकू कशाला? बाई काचेच्या भोकातून बोलत होत्या, मधेच एखाद्याला तिकीट फाडून देत. "तो गेलाच होता हो. पिशवी हिसकली नि निघाला. मी म्हटलं, चला, जिवावरचं पिशवीवर निभावलं. एवढ्यात वर भोंगा लागला. तो थांबला. मान वर करून ऐकत राहिला, सगळं. आणि त्यासुद्धा."

"त्यासुद्धा म्हणजे?" त्यानं आवाज घोगरा करून विचारलं.

"तुमच्या मिसेस. मी इथलं दार उघडून धरलं होतं, हातानं बोलवत होते, या आत, या. दोन पावलांवर होत्या. त्या हलेचनात. भोंग्याकडे बघत उभ्या. मला वाटलं भीतीनं पाय गळाले. पण चेहरा तसा नव्हता."

"कसा होता?"

बाईंनी विचार केला. "घरचं कुणी भेटल्यासारखा," त्या म्हणाल्या. "मग भोंगा बंद झाला नि तो वळला. त्यांना म्हणाला, तू माझं तोंड बघितलंस. बस, एवढंच म्हणाला. आवाजात राग पण नव्हता. उलट रडवेला होता म्हणा ना. तुमचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो हो."

तो मागे सरकला होता, रांगेतल्या कुणाच्या तरी पायावर पाय पडला होता. त्या दिवसापासून त्याला झोप अशी लागलीच नाही; डोळा लागायचा आणि तो त्या भामट्याच्या जागी उभा असायचा, हातात पिशवी, पुढे मोकळा रस्ता, आणि वरून कुणीतरी कानात, अगदी प्रेमानं कानात सांगत असायचं की आता काही केलंस तरी तेच. सुटका नाही. ते वाक्य त्यानं माइकपुढेच कापलं असतं तर? थांबला नसता तर? आवाज जरा वाईट लागला असता, कानफाट्याच्या अंगावर काटा आला नसता, भोंग्याची खरखर जास्त असती! जग एवढं गोंगाटाचं, एक तेवढंच वाक्य स्वच्छ ऐकू यावं?

दुपारी लेकीनं त्याला खाली कँटीनमध्ये ओढत नेलं आणि समोर चहा ठेवला. ती शाळेत गणित शिकवायची आणि रडून झाल्यावर तिचा चेहरा पेपर तपासताना व्हायचा तसा कोरडा व्हायचा. "त्या सरकारी घोषणावाल्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "कायदा आणखी कडक होतोय. आता फाशी. नवी घोषणा करायचीय, आणि ती तुम्हीच करावी असं म्हणतायत. ज्याच्या बायकोवर वार झाला तोच बोलतोय म्हटल्यावर लोक ऐकतील. उद्याची वेळ दिलीय. मी हो सांगून टाकलं."

त्यानं चहाचा कप फिरवला.

"बाबा, माझ्याशी तरी बोला. माझ्यासमोर घसा बसल्याचं नाटक नको."

"उद्या कशाला," तो म्हणाला. "मी नाही बोलणार."

"का? भीती कमी पडली म्हणून झालं हे. साधं गणित आहे, शिक्षा वाढवली की असले लोक कमी होतात."

"त्यानंही गणितच केलं," तो म्हणाला, आणि मग थांबता आलं नाही म्हणून त्यानं तिकीट खिडकीतल्या बाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. आई थांबली होती ते सोडून. ते त्याच्या तोंडातून निघालं नाही. "सोडलं तरी मरेपर्यंत कैद, मारलं तरी मरेपर्यंत कैद. सोडलं तर ओळखणारं माणूस उरतं. भीती कमी नाही पडली गं. पुरून उरली."

लेकीनं टेबलावर सांडलेला चहाचा थेंब बोटानं पुसला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं हसलं. "म्हणजे आईला तुम्ही मारलं असं म्हणायचंय का तुम्हाला? तसं असेल तर मी कुणावर चिडायचं? सांगा ना. तो तिकडे कोठडीत जेवतोय. त्याच्यावर चिडू की भोंग्यावर?" तिचा आवाज चिरकला. "फाशी असती तर तो चाकू घेऊन घराबाहेरच पडला नसता."

"आणि पडला असता तर?"

तिचंही अगदीच खोटं नव्हतं. एखादा असेलही, ज्यानं त्याचा आवाज ऐकला आणि चाकू पुन्हा ओट्यावर ठेवून दिला; तो माणूस काही येऊन सांगणार नव्हता की साहेब, तुमच्यामुळे मी आज कुणाला लुटलं नाही. तसे दहा असतील, शंभर असतील. त्यांच्या बायका आज रस्त्यानं सुखरूप चालत असतील, आणि त्यांचं काय करायचं होतं त्याला? त्याची एकच होती. तो एवढा कोत्या मनाचा झाला होता की जगातल्या सगळ्या वाचलेल्या बायका एका पारड्यात घातल्या असत्या तरी त्यानं मान फिरवली असती. लेकीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हे कोर्टात बोलू नका. त्याच्या वकिलाला आयतं मिळेल." मग हळूच, "चहा घ्या ना. निवतोय." त्यानं घेतला. घशाखाली उतरताना दुखला, जणू घसा खरोखरच बसला होता.

नाही म्हटलं म्हणून काय होणार होतं, हे त्याला कालच कळलं होतं, लेकीला फोन येण्याआधीच. तो स्टुडिओत गेला होता, जुनी घोषणा काढून टाका म्हणून सांगायला, खरं तर पाया पडायला. कानफाट्यानं त्याला बसवलं, पाणी दिलं, बायकोची चौकशी केली, त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं, पण हात वर केले. "मी कुठून काढू? माझ्याकडे आहे काय? ती आता त्यांची. सगळीकडे वाजतेय." मग नवीन कागद दाखवला. नुसतं वाचून तर बघा, म्हणाला, इथपर्यंत आलाच आहात. सवयीनं तो माइकपुढे बसला. सवय फार नीच असते. फोड खाल्ली, पाणी प्यायला, ओठ जाळीला लावले आणि पहिल्या शब्दाला आवाज थरथरला. "पुन्हा," कानफाट्या म्हणाला. पुन्हा थरथरला. "काका, घाबरवायचंय. तुम्ही तर घाबरताय." तो उठला. फाशी हा शब्द काही त्याच्या तोंडून आला नाही. कानफाट्या त्याला दारापर्यंत सोडायला आला आणि चप्पल घालेपर्यंत खाली बघत राहिला. मग म्हणाला, "रागावू नका. पण तुम्ही नाही बोललात तरी ते करणार. एवढी वर्षं बोललाय तुम्ही, सगळं पडलंय माझ्याकडे. रेडिओच्या जुन्या श्रुतिकेत तुम्ही न्यायाधीश झाला होतात, त्यात फाशी आहे. जोडून देतील." रस्त्यावर येऊन तो कितीतरी वेळ कुठे जायचं ते न समजून उभा होता. मग पाय बसस्थानकाकडे वळले. तिथे तो भोंग्याखाली उभा राहिला आणि घोषणा लागली की शेजारच्यांना सांगू लागला, "ऐकू नका. ऐकू नका हे." एक गृहस्थ कान कोरत होता, त्यानं कोरणं थांबवून याच्याकडे पाहिलं. घोषणा कुणी ऐकतच नव्हतं. एका मुलीनं मात्र पर्स छातीशी धरली आणि ती दुसऱ्या फलाटावर निघून गेली. तिला भीती वाटली होती, पण याची.

आता खिडकीतून तिरपं ऊन पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आलं होतं. सिस्टर पट्टी बदलून गेल्या, परत आल्या. लेक भिंतीला टेकून उभी होती. "बाबा," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात कँटीनमधलं सगळं भांडण मिटलेलं होतं, नुसती याचना उरली होती. "प्लीज. माझ्यासाठी."

त्यानं मफलर काढला. कुठल्या आवाजात बोलायचं? लिफ्टच्या? गादीच्या? एकेक आवाज त्यानं आत उचकून पाहिला, आणि प्रत्येकावर कुणाचा तरी शिक्का होता. तिच्यासाठी म्हणून वेगळा ठेवलेला आवाज होता का कधी? असणार. घरात तो कसा बोलायचा? चिडून बोलायचा. सकाळी उठल्यापासून त्याला काही सापडायचं नाही आणि तो घरभर तिला हाका मारत फिरायचा, बेसूर, दात न घासता, धंद्यात कुणी ऐकला असता तर काम मिळालं नसतं असल्या आवाजात. तो तिच्या कानाशी वाकला. तिथे स्पिरिटचा वास होता, आणि त्याखाली थोडासा तिचा.

"अगं," तो म्हणाला, "माझा चष्मा कुठे ठेवलास?"

हिरवी रेघ उडाली. आकडा वर गेला. "बघा!" सिस्टर जवळजवळ ओरडल्या. "ओळखलं! बोला, बोला, थांबू नका!" लेक पुढे धावली. "आई, अगं बाबा बोलतायत!" आणि तो बोलू लागला, चष्मा सापडत नाही, फडताळात बघितलं, तुझ्या शिवणाच्या डब्यात बघितलं, पंपाची चावी कुठे फिरवायची तेही मला ठाऊक नाही, पाणी भरायचं राहिलंय, तू उठ आणि मला चार शब्द सुनाव. बोलताना त्याला रडू येत होतं आणि रडण्यात एक भयंकर आनंद होता. आकडा आणखी वर गेला. तिच्या पापण्या थरथरल्या. तिची मान उशीवर किंचित वर झाली. आणि उजवा हात हलला, चादरीवरून सरकत छातीकडे गेला, खांद्याकडे गेला, बोटं काहीतरी चाचपत होती, काहीतरी घट्ट धरायला बघत होती. लेकीला वाटलं ती नळी ओढतेय. त्याला कळलं. ती हिसकून नेलेल्या पिशवीचा पट्टा शोधत होती.

तो थिजला. ती तिथेच होती. या खोलीत आलीच नव्हती कधी. ती अजून बसस्थानकावर उभी होती, मान किंचित वर करून, आणि तो बोलत होता म्हणून थांबली होती. दोन पावलांवर दार उघडं होतं आणि ती त्याचं संपायची वाट बघत होती. "थांबलात का? अहो बोला ना," सिस्टर म्हणाल्या, पण आता त्यांचं लक्ष आकड्याकडे होतं आणि आवाजातला आनंद पातळ झाला होता. याचं बोलणं थांबलं की तो माणूस वळणार. हा बोलत राहिला की ही उभी राहणार. त्यानं तिचा हात त्या पट्ट्यावरून, जो नव्हताच, सोडवायचा प्रयत्न केला. केवढी ताकद होती त्या बोटांत!

"ऐकू नकोस," तो म्हणाला. "अगं, मी नाही तो. तू थांबू नकोस. जाऊ दे ती पिशवी. पळ."

"बाबा, काय बोलताय?"

"काका, असं नका म्हणू!" यंत्र आता टीटी करायला लागलं होतं, सिस्टरनी भिंतीवरचं बटण दाबलं, बाहेर कुणाची तरी पावलं धावत येत होती. "थांब म्हणा त्यांना! जाऊ नको म्हणा! तुमचंच ऐकतील त्या!"

माझं ऐकते म्हणूनच तर, त्याला म्हणायचं होतं. पण त्यासाठी वेळ नव्हता. तो तिच्या कानाला तोंड लावून ओरडत होता, फाटक्या, घरच्या, कुणालाही विकता न येणाऱ्या आवाजात, पळ, दार उघडं आहे, मागे बघू नकोस, माझं बोलणं काय, मी तर जन्मभर बोलतोच आहे, तू... आणि तिची बोटं सैल पडली, मान हळूच एका बाजूला वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत, ती निघून गेली.